सोन्याच्या आत माती

डोंबिवलीहून सोपाऱ्याला जायला दादरचा वळसा घ्यावा लागत नाही. कोपरला वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडी धरायची, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड अशी स्टेशनं मागे टाकत वसई रोडला उतरायचं आणि तिथून विरारच्या लोकलने पुढच्याच स्टेशनावर, नालासोपाऱ्याला, पोचायचं. स्टेशनाचं नाव एक असलं तरी गावं दोन आहेत, नाळे आणि सोपारा. पश्चिमेला सोपारा गावाकडे रिक्षा वळली की इमारतींच्या रांगा विरळ होतात आणि एका कुंपणाआड जुन्या विटांचा एक उंचवटा दिसतो. माहिती नसलेला माणूस तिथून सहज पुढे निघून जाईल. पण आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोलाची पेटी या उंचवट्याच्या पोटातून निघालेली आहे.

सोपारा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधी सोपारा, कल्याण, ठाणे ही एकाच जिल्ह्यातली गावं होती. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, ती एकाच व्यापाराची बंदरं होती. म्हणून ठाणे-कल्याणच्या मातीत काय पुरलेलं आहे, असा प्रश्न पडला की पहिल्यांदा सोपाऱ्याला जावं लागतं.

बुरुड राजाचा कोट

गावकरी या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारा कारागीर. हा राजा कोण, त्याने कोट कशाला बांधला, हे कुणालाच सांगता येत नसे. पण एक गोष्ट या नावाने नीट जपली होती. हे टेकाड नैसर्गिक नाही, माणसाने बांधलेलं आहे, ही आठवण. गावाच्या तोंडी असलेली अशी नावं पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला पहिली वाट दाखवतात.

ही वाट पंडित भगवानलाल इंद्रजींनी ओळखली. जुनागढला 1839 साली जन्मलेल्या या विद्वानाने तरुणपणी गिरनारच्या शिलालेखाने झपाटून जाऊन प्राचीन लिप्या शिकून घेतल्या आणि पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांसोबत काम केलं. भाऊ दाजींसाठी त्यांनी देशभर पायपीट करून लेखांचे ठसे आणि नकला जमवल्या. 1874 साली भाऊ दाजी गेले, पण भगवानलालांचं काम थांबलं नाही. त्याच सुमारास जेम्स कॅम्पबेल हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड तयार करत होते. ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी प्राचीन अवशेषांची माहिती हवी होती, आणि ती देऊ शकणारा माणूस भगवानलालच होते.

सोपाऱ्याबद्दल त्यांना ओढ असण्याला कारण होतं. बौद्ध ग्रंथांत शूर्पारक नावाचं मोठं बंदर येतं. तिथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा दिव्यावदानात आहे. दासीच्या पोटी जन्मलेला पूर्ण चंदनाच्या व्यापारात हुशारीने पैसा मिळवतो, पुन्हा पुन्हा समुद्र ओलांडतो आणि अखेर सगळं सोडून भिक्षू होतो. शूर्पारकात तो बुद्धांसाठी चंदनाचा प्रासाद उभारतो आणि बुद्ध तिथे येतात, असं ही कथा सांगते. शूर्पारक म्हणजे सोपारा हे मान्य केलं, तर या गावात स्तूप असायलाच हवा होता. बुरुड राजाचा कोट हाच तो, असा भगवानलालांचा कयास होता.

1882 च्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या सुट्टीच्या सुमारास, टेकाडावर कुदळ पडली. मधोमध खाली खणत गेल्यावर विटांनी बांधलेली एक कोठडी लागली. तिच्यात दगडाची एक मोठी गोल पेटी होती. खालचा भाग आणि झाकण, दोन्ही दगडात कोरलेले, एकमेकांवर बसवलेले.

पेटीत पेटी

झाकण उचललं तेव्हा आत मधोमध तांब्याचा एक डबा होता आणि त्याच्याभोवती गोलाकार मांडलेल्या धातूच्या आठ लहान मूर्ती. सात मूर्ती बुद्धांच्या होत्या. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी असे जे सात बुद्ध परंपरेने मानले, ते हे. आठवी मूर्ती मैत्रेयाची, म्हणजे अजून यायच्या असलेल्या बुद्धाची. होऊन गेलेले आणि पुढे येणारा, असे सगळे त्या डब्याभोवती राखणीला बसवल्यासारखे.

तांब्याचा डबा उघडला तर आत चांदीचा. चांदीच्या आत हिरवट मौल्यवान दगडाचा. त्याच्या आत स्फटिकाचा. आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याच्या पातळ पत्र्याची फुलं, रंगीत खडे, बुद्धाची आकृती उठवलेला सोन्याचा लहानसा पत्रा आणि चांदीचं एक नाणं.

हे वाचताना आपलं मन आपोआप एक हिशेब करत जातं. दगड, तांबं, चांदी, रत्न, स्फटिक, सोनं. मोल वाढत चाललं आहे, तेव्हा सर्वांत आत याहूनही मोलाचं काही असणार. सोन्याचा डबा उघडला. त्यात मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते.

साधी खापरं. रस्त्यात पडली असती तर कुणी वाकून उचललीही नसती. भगवानलालांच्या मते हे बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे होते, निदान ज्यांनी ते पुरले त्यांची तशी श्रद्धा होती. बौद्ध परंपरेत स्तूपात ठेवायच्या अवशेषांना धातू म्हणतात आणि त्यांचे प्रकार मानतात. हाडं, केस, राख हा शारीरिक धातू. वापरातल्या वस्तू, म्हणजे पात्र, चीवर, हा पारिभोगिक धातू. सोपाऱ्याची खापरं या दुसऱ्या प्रकारातली. विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्षूला दोनच प्रकारचं पात्र चालतं, लोखंडाचं किंवा मातीचं. सोन्याचांदीच्या पात्राला सक्त मनाई आहे. ज्याने भिक्षू झाल्यावर सोनं हातात धरलं नाही त्याची आठवण माणसांनी सोन्यात ठेवली, आणि तरी गाभ्यात राहिली ती मातीच.

आपल्याकडे अंत्ययात्रेच्या पुढे मडकं धरून मुलगा चालतो आणि चितेभोवती फिरताना पाण्याच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात. शेवटी ते फुटतं. मेलेल्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवणारी घरंही पुष्कळ आहेत. सोनं आणि माती, दोन्ही शेवटच्या प्रवासात आपल्यासोबत असतात. म्हणून सोपाऱ्याची पेटी आपल्याला परकी वाटत नाही. तिची भाषा आपल्या घरातल्या भाषेच्या जवळची आहे.

नाण्याची साक्ष

आता पेटीकडे श्रद्धेच्या नव्हे, तपासाच्या नजरेने पाहू. ही पेटी पुरली केव्हा?

उत्तराचा एक धागा त्या चांदीच्या नाण्यात आहे. नाण्यावर राजाचा चेहरा आहे आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव आहे, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी. हा सातवाहन राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. नाणं फारसं झिजलेलं नव्हतं, म्हणजे टाकसाळीतून निघून पेटीत जाईपर्यंत ते फार हातांतून फिरलं नव्हतं. पुरातत्त्वात हा नियम पायाचा मानतात. पेटीत एखाद्या राजाचं नाणं असेल, तर पेटी त्या राजाच्या आधी पुरलेली असूच शकत नाही. नंतरची असू शकते, आधीची नाही. एवढ्याशा चांदीच्या चकतीने काळाला खालची मर्यादा आखून दिली.

पण दुसरा साक्षीदार वेगळं सांगतो. तांब्याच्या डब्याभोवतीच्या आठ मूर्तींची घडण दुसऱ्या शतकातली नाही. त्यांची शैली आठव्या-नवव्या शतकातली आहे. मग नाणं खरं की मूर्ती खऱ्या? दोन्ही खरे. आतले डबे आणि नाणं जुनं, बाहेरच्या मूर्ती पाचसहाशे वर्षांनी नव्या. याचा सरळ अर्थ असा की मधल्या काळात कुणीतरी हा स्तूप उघडला, बहुधा डागडुजीसाठी. त्या माणसांच्या हाती पेटी आली. सोनं त्यांच्यासमोर होतं, पण ते त्यांनी नेलं नाही. पेटी पुन्हा जागी ठेवली आणि आपल्या काळच्या आठ मूर्ती भोवती मांडून झाकण बसवलं. शेकडो वर्षांच्या अंतराने दोन पिढ्यांनी एकाच पेटीत आपापली भर घातली.

हे आपल्याला कळलं ते एकाच कारणाने. कुठली वस्तू कुठे होती, कशाच्या आत, कशाच्या बाहेर, हे भगवानलालांनी नोंदवून ठेवलं. समजा, टेकाड एखाद्या लुटारूने फोडलं असतं आणि वस्तू बाजारात आल्या असत्या. नाणं नाण्यांच्या संग्रहात गेलं असतं, मूर्ती मूर्तींच्या, सोनं वितळलं असतं आणि तेरा खापरं तिथेच फेकली गेली असती. प्रत्येक वस्तू कुठेतरी उरली असती, पण गोष्ट गेली असती. आजीची नथ सोनाराच्या तराजूत पडली की तिचं फक्त वजन आणि मोत्यांचा भाव उरतो. तीच नथ आजीच्या लाकडी डब्यात, तिच्या लग्नाच्या पत्रिकेशेजारी सापडली, तर ती तिचं आयुष्य सांगते. वस्तू आपल्या जागेवरून बोलते. या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

सोपाऱ्याच्या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या. त्याच वर्षी, 1882 साली, सोपाऱ्याच्या भातेळा तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही भगवानलालांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावात सापडला. हे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

उरची चांदीची फीत

वस्तू जागेवरून बोलते हे दाखवणारं, जगातल्या सर्वांत गाजलेल्यांपैकी एक स्मशान-उत्खनन सोपाऱ्यानंतर चाळीस वर्षांनी, इराकमध्ये झालं. मराठी घरांना त्या मुलुखाचं नाव दोन वाटांनी ठाऊक आहे. एक बसऱ्याचे मोती. दुसरी पहिलं महायुद्ध, ज्यात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. युद्ध संपल्यावर काही वर्षांत, 1922 साली, त्याच प्रदेशात उर या प्राचीन शहराच्या टेकाडावर लिओनार्ड वूली यांनी ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी उत्खनन सुरू केलं. ते 1934 पर्यंत चाललं.

पहिल्याच हंगामात एका चरात सोन्याचे मणी निघाले. कुणीही तिथेच खणत सुटला असता. वूलींनी तो चर सोडून दिला. मजूर नवखे होते, नाजूक दफनं कशी उकलायची ते त्यांना माहीत नव्हतं, आणि वूलींना स्वतःलाही त्या मातीची भाषा अजून शिकायची होती. चार वर्षं त्यांनी दुसरीकडे काम करून माणसं तयार केली आणि 1926 साली स्मशानाकडे परत आले. सोनं दिसत असताना चार वर्षं थांबणं, हा मला त्यांच्या सगळ्या शोधांहून मोठा पराक्रम वाटतो.

मग जे निघालं त्याने जग थक्क झालं. सुमारे 1,800 थडगी. त्यांतली 16 वूलींनी राजघराण्याची ठरवली, इसवी सनापूर्वी सुमारे 2600 ते 2500 या काळातली. एका थडग्यात सोन्याच्या पानांचा मुकुट घातलेली एक स्त्री होती. तिच्याजवळ निळ्या लाजवर्दाची दंडगोल मुद्रा होती आणि तीवर नाव होतं, पुआबी. तिच्या अंगावरचे तांबडे अकीक बघितले की आपली नजर थबकते, कारण उरकडे जाणाऱ्या अकीकांचा मोठा स्रोत गुजरात होता. मेसोपोटेमियाचे लेख ज्या मेलुहा देशाच्या जहाजांचा उल्लेख करतात तो सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. खंभातला आजही अकीक भाजून, घासून, भोक पाडून मणी बनवतात.

एका खड्ड्यात 74 माणसं ओळीने पडलेली मिळाली, त्यांतल्या 68 स्त्रिया. राजाराणीसोबत पाठवलेला हा परिवार. वूलींना वाटलं होतं की या सगळ्यांनी शांतपणे विष घेतलं असावं. पुढे दोन कवट्यांचं सीटी स्कॅन झालं, तेव्हा टोकदार हत्याराच्या घावांच्या खुणा दिसल्या. थडग्यातल्या वैभवामागे किती क्रूरता होती, हे त्या हाडांनी सांगितलं.

त्या खड्ड्यातल्या स्त्रियांनी केसांत फिती बांधल्या होत्या, काहींनी सोन्याच्या, काहींनी चांदीच्या. सोनं टिकतं, पण चांदी त्या खारट मातीत विरून जाते, म्हणून चांदीची फीत क्वचितच शाबूत मिळाली. एका मुलीच्या केसांत मात्र फीत नव्हतीच. तिच्या कमरेजवळ चांदीची एक चपटी गुंडाळी सापडली. उलगडून पाहिली तर ती फीतच होती, घट्ट गुंडाळलेली, बहुधा कपड्यात खोचलेली. वूलींचा तर्क असा की ही मुलगी उशिरा पोचली असावी, फीत बांधायला तिला वेळच मिळाला नसावा. साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक घाईची सकाळ त्या गुंडाळीत राहून गेली. हीच गुंडाळी एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत मिळाली असती तर ती जुन्या चांदीची एक चकती ठरली असती. ती कमरेला होती, केसांत नव्हती, एवढ्यावरून तिच्यात एक मुलगी दिसू लागली.

वूलींच्या पद्धतीची आणखी एक गोष्ट. लाकूड मातीत कुजून जातं, पण त्याच्या जागी पोकळी राहते. एके ठिकाणी मातीत भोकं दिसल्यावर त्यांनी खणायचं थांबवून त्यांत पातळ प्लास्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती काढली, तेव्हा एका तंतुवाद्याचा पूर्ण आकार उभा राहिला. जे नाहीसं झालं त्याचीही जागा असते, आणि ती वाचता येते.

घराच्या जमिनीखाली

महाराष्ट्रात हे वाचन सर्वांत बारकाईने झालं ते इनामगावला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत. इथे राजे नव्हते, सोन्याचे मुकुट नव्हते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही वस्ती, आणि तिने आपली माणसं घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरली होती. अशी दोनशेहून अधिक दफनं मिळाली.

लहान मूल गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवत. खड्ड्यात दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, जणू पुन्हा पोटात घेतल्यासारखे. सोबत लहान वाडगे, तोटीची भांडी. मोठी माणसं उत्तरेकडे डोकं करून खड्ड्यात निजवलेली असत आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. मेलेल्याने परत चालत येऊ नये, किंवा घर सोडून दूर जाऊ नये, असा त्यामागचा विचार असावा, असं अभ्यासकांना वाटतं. एक दफन मात्र या रीतीला ठळक अपवाद निघालं. चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. सोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची नाव चितारलेली होती. हा गावाचा प्रमुख असावा, असं मानतात. मोल सोन्यात नव्हतं. पाय तोडले नाहीत, यातच त्याचा मान होता.

कान्हेरीचं निर्वाणस्थान

परत आपल्या मुलुखात येऊ. ठाण्याहून येऊरच्या डोंगराकडे पाहिलं की त्याच्या पलीकडच्या उतारावर, त्याच जंगलात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. शेकडो वर्षं इथे भिक्षू राहिले. राहिले म्हणजे इथेच मेलेही. त्यांचं काय झालं?

1839 साली डॉ. जेम्स बर्ड यांनी इथल्या मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप उघडला. आत तांब्याची दोन भांडी मिळाली. त्यांत राख, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे, चांदीची डबी अशा वस्तू होत्या. सोबत ताम्रपट होता, त्यावर त्रैकूटकांच्या राज्यातलं 245 हे वर्ष, म्हणजे इसवी सन 494-95. सिंधू देशातल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने हा चैत्य उभारला, असं तो सांगतो. सोपाऱ्याला नाण्यावरून काळ काढावा लागला, इथे पुरणाऱ्यानेच तो लिहून ठेवला.

पण कान्हेरीची मला सर्वांत हलवून सोडणारी जागा 87 क्रमांकाची आहे. खडकाच्या लांबलचक कपारीखाली विटांचे लहान लहान स्तूप रांगेने बांधलेले होते. आज त्यांचे पायथे आणि विस्कटलेल्या विटा दिसतात. हे भिक्षूंचं स्मशान. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी 1970 च्या दशकात इथले दगडांवर कोरलेले लहान लेख शोधून वाचले. ते मृत्युलेख निघाले. त्यांत भिक्षूचं नाव आहे आणि त्याने काय मिळवलं ते आहे, कुणी अर्हत होता, कुणाला अमुक ज्ञान झालं होतं. दोन-चार शब्द, बस.

इथे मुकुट नाही, नाणं नाही, फुलंही नाहीत. पुआबी तिच्या मुद्रेवरच्या नावावरून ओळखू येते. सोपाऱ्याच्या पेटीवर कुणाचं नाव नाही, तिथे वस्तू आणि तिची जागा एवढ्यावरच सगळं वाचायचं. कान्हेरीच्या भिक्षूजवळ ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून सोबत्यांनी त्याचं नाव ठेवलं. त्या कपारीत उभं राहिलं की या रांगेचा अर्थ कळतो. थोरला, धाकटा, सगळे एकाच कपारीखाली, शेजारी शेजारी, जसे जिवंतपणी एका पंगतीला बसले असतील तसे.

या सगळ्यात आपलं कल्याण कुठे आहे? जिवंतांच्या बाजूला आहे. कान्हेरीच्या अनेक दानलेखांत कल्याणच्या माणसांची नावं येतात. व्यापारी आहेत, कारागीर आहेत. एक सामिदत नावाचा कल्याणचा सोनार आहे, त्याने संघासह पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदवून दिली. डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याचं काय मोल असतं, हे त्याला माहीत होतं. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या समुद्रवर्णनातही कल्याण बंदराचं नाव आहे, आणि तिथे येणारी ग्रीक जहाजं राजकीय भांडणामुळे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, अशी तक्रारही आहे. ज्या पैशाने स्तूपांतली फुलं घडली, लेणी खोदली गेली, तो पैसा याच बंदरांत, याच खाडीवर जमा होत होता.

मातीला हात लावण्याआधी

1898 साली नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथल्या स्तूपातून बुद्धांच्या अस्थी आणि शेकडो रत्नं निघाली. रत्नांतला काही भाग उत्खनन करणाऱ्या पेप्पे यांच्या घराण्याकडे राहिला. 2025 च्या मे महिन्यात ती रत्नं हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली. भारत सरकारने आणि अनेक बौद्धांनी हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये रत्नं भारतात परत आली. लिलावाच्या यादीत ती रत्नं होती. ज्यांनी ती पुरली त्यांच्यासाठी ती अस्थींसोबतची, अस्थींपासून वेगळी न करता येणारी वस्तू होती. जागेवरून उचलली की वस्तूची ओळख कशी बदलते, याचं हे ताजं उदाहरण.

ही गोष्ट आपल्या दारातली आहे. कल्याण, डोंबिवली, ठाणे, वसई-विरार इथे रोज कुठे ना कुठे इमारतीचा पाया खणला जातो. जेसीबीचा एक फटकारा दोन हजार वर्षांचे थर एका क्षणात एकत्र करतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. पण तेरा खापरांचं मोल दहा रुपयेही भरणार नाही. म्हणून कायद्याच्या पलीकडे आपली दक्षता लागते.

खड्ड्यात मोठ्या आकाराच्या जुन्या विटा दिसल्या, एकाच जागी खापरं दाटीने मिळाली, मणी, नाणं, हाड निघालं, तर ते उचलू नये, धुऊ नये, घासू नये. काम तेवढ्या जागी थांबवावं. शेजारी मोजपट्टी किंवा साधी काडेपेटी ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकार कळेल. वरच्या जमिनीपासून किती खोल आहे ते मोजून लिहावं. मग जिल्हाधिकारी कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना कळवावं. वस्तू नंतरही काढता येते. तिची जागा एकदा मोडली की परत मांडता येत नाही.

सोपाऱ्याला आठव्या-नवव्या शतकात ज्यांनी ती पेटी उघडली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांच्यासमोर सोन्याचा डबा होता आणि त्यात मातीचे तेरा तुकडे होते. सोनं त्यांनी नेलं नाही, डब्यांचा क्रम तसाच ठेवला आणि झाकण लावलं. त्यांनी क्रम मोडला नाही, म्हणून हजार वर्षांनी भगवानलालांना ती पेटी वाचता आली. आपल्या पायाखालच्या मातीत पुढच्या माणसाला काही वाचता यावं, एवढी काळजी आपल्यालाही घेता येईल.